जायबंदी गडी संघात ठेवावा काय?

वसई तालुक्याच्या समुद्रकिनाऱ्यावर राजोडी, कळंब, नवापूर, अर्नाळा अशी गावे एकमेकांच्या शेजारी वसली आहेत. ओहोटी लागून ओली वाळू घट्ट झाली, की तेथे चेंडूफळीचा डाव मांडणारी मुले हमखास दिसतात. त्यांतला एखादा मुलगा जरा वेगाने चेंडू टाकू लागला, म्हणजे त्याचा पुढचा मार्ग जवळजवळ ठरलेलाच असतो. गावातून विरार किंवा नालासोपारा स्थानक, तेथून लोकल आणि मग मुंबईतील एखादे मैदान. खांद्यावर सामानाची जड पिशवी, डब्यात उभे राहण्यापुरती जागा, आणि उतरल्यावर दिवसभर गोलंदाजी. अशा मुलाचे सारे भांडवल म्हणजे त्याचे शरीर. ते एकदा तडकले, नंतर पुन्हा तडकले, तर त्याला संघात ठेवावे की नारळ द्यावा, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही.

अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो खेळ चालतो, त्यात चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या रक्षणासाठी पाच धिप्पाड गडी ओळीने उभे असतात. त्यांना तेथे लाइनमन म्हणतात. प्रतिपक्षाचा सारा लोंढा त्यांनी अंगावर घ्यावयाचा असल्यामुळे गुडघा, घोटा आणि खांदा यांच्या तक्रारी त्यांच्या पाचवीलाच पुजलेल्या असतात. वारंवार मोडणारा लाइनमन सोडावा काय, ही चर्चा तिकडे दर वर्षी रंगते आणि तिचा निकाल बहुधा हिशेबाच्या वहीत लागतो. याचे कारण असे की, तेथे प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चाला मर्यादा घातलेली आहे. अंथरुणावर पडलेल्या गड्याचे वेतन त्याच मर्यादेत मोजले जाते. मात्र सामना चालू असताना एकाच्या जागी दुसरा गडी उतरविण्यास त्या खेळात आडकाठी नाही. म्हणजे पडलेला लाइनमन संघाला महाग पडतो, पण त्याची जागा रिकामी राहत नाही.

क्रिकेटची गोष्ट नेमकी याच्या उलट आहे, आणि त्याचे उदाहरण राजोडीच्याच लोहमार्गावर सापडते.

१२ ऑक्टोबर २०१८ रोजी हैदराबाद येथे वेस्ट इंडीजविरुद्धचा कसोटी सामना सुरू झाला. त्या दिवशी भारताच्या संघात पश्चिम रेल्वेच्या या एकाच मार्गावरचे दोन तरुण होते. एक विरारचा पृथ्वी शॉ. त्याने आधीच्याच सामन्यात, राजकोट येथे, पदार्पणात १३४ धावा काढल्या होत्या. दुसरा पालघरचा शार्दूल ठाकूर, ज्याचा हा पहिलाच कसोटी सामना होता. पालघर हे चर्चगेटपासून सुमारे ९० किलोमीटरवर. शाळकरी वयात बोरिवलीच्या शाळेतून खेळताना एका षटकात सहा षटकार मारून ठाकूरने नाव मिळविले होते. पुढे तो गोलंदाज म्हणून मुंबईच्या संघात आला. हैदराबादला त्याने दहा चेंडू टाकले आणि उजव्या जांघेतील स्नायू दुखावल्यामुळे तो मैदानाबाहेर गेला. उरलेला सामना भारताला चार गोलंदाजांवर काढावा लागला. उमेश यादव या विदर्भाच्या गोलंदाजाने सामन्यात दहा बळी घेतले, भारत दहा गडी राखून जिंकला, आणि त्या रिकाम्या जागेची आठवणही कोणाला राहिली नाही. पुढच्याच महिन्यात सिडनी येथे झेल घेण्याच्या प्रयत्नात पृथ्वी शॉचा घोटा मुरगळला आणि ऑस्ट्रेलियातील त्या दौऱ्यास तो मुकला.

परंतु दर वेळी उमेश यादव धावून येतो असे नाही. २०११ च्या जुलैत लॉर्ड्सवर श्रीरामपूरच्या झहीर खानने इंग्लंडचे पहिले दोन गडी अवघ्या १८ धावांत टिपले, आणि १३.३ षटके टाकून झाल्यावर मांडीच्या मागील स्नायूमुळे तो बाहेर पडला. ज्याने तीनच महिन्यांपूर्वी विश्वचषकात २१ बळी घेतले होते, त्याच्यावाचून उरलेल्या गोलंदाजांना इंग्लंडने धू धू धुतले. भारताने तो सामना १९६ धावांनी गमावला आणि पुढे चार सामन्यांची मालिका ४–० अशी गमावली. क्रिकेटमध्ये बदली खेळाडूने क्षेत्ररक्षण करावे, पण गोलंदाजी करू नये, असा नियम पूर्वापार चालत आला आहे. डोक्याला मार लागला असल्यास पूर्ण बदली देण्याची सवलत २०१९ पासून मिळाली, एवढाच अपवाद. तेव्हा दुखणाऱ्या गोलंदाजास घेऊन मैदानात उतरणे म्हणजे प्रसंगी दहाच गड्यांनिशी लढण्याची तयारी ठेवणे होय. त्याला सोडावे असे म्हणणाऱ्यांच्या भात्यातील हा सर्वांत धारदार बाण आहे, आणि तो खोटा नाही.

तथापि 'वारंवार जायबंदी होणारा' हे विशेषण फार सैलपणे वापरले जाते. सगळ्या दुखापती एका माळेचे मणी नव्हेत. द्रुतगती गोलंदाज चेंडू सोडण्याच्या क्षणी पुढचा पाय जमिनीवर आपटतो, तेव्हा त्या पायावर त्याच्या वजनाच्या पाचसहा पट भार येतो. त्याच वेळी कंबर एका बाजूस वाकलेली आणि पिळलेली असते. हे दिवसात शंभर-सव्वाशे वेळा झाले, की पाठीच्या खालच्या मणक्यांत, बहुधा चेंडू टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध अंगास, केसासारखी बारीक भेग पडते. विशीच्या आतबाहेरच्या मुलाचे मणके पुरते पक्के झालेले नसतात. ते व्हावयास वयाची पंचविशी उजाडते. म्हणून विसाव्या वर्षी पाठीने दगा दिलेला गोलंदाज तिसाव्या वर्षी भक्कम उभा राहू शकतो. स्नायूचे दुखणे निराळे. ते आठवड्यांत बरे होते, पण एकदा ताणला गेलेला स्नायू पुन्हा त्याच ठिकाणी ताणला जाण्याचा संभव अधिक असतो. गुडघ्याची कूर्चा झिजली, तर मात्र ती मागे येत नाही. वैद्यकाच्या दृष्टीने या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. वर्तमानपत्राच्या मथळ्यात तिन्हींना एकच शब्द मिळतो.

दुसरी एक गोष्ट शास्त्रज्ञांच्या ध्यानात आली आहे. गोलंदाज मोडतो तो नुसत्या कष्टाने नव्हे, तर कष्टातील एकाएकी होणाऱ्या वाढीने. महिनाभर दिवसाला चार षटके टाकणाऱ्या गड्याकडून एकदम वीस षटकांची अपेक्षा केली, तर पुढच्या काही आठवड्यांत तो दुखावण्याची भीती बळावते. हे खरे असेल, तर दुखापत ही केवळ त्या गड्याच्या हाडामांसाची उणीव ठरत नाही. त्याला किती राबवावे हे ठरविणाऱ्यांचाही तीत वाटा असतो, आणि सोडावे की ठेवावे याचा न्याय करावयास बसणारे लोक बहुधा तेच असतात.

ठाकूरचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. २०१९ मध्ये त्याच्या पायाच्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली. कसोटी संघात परत येण्यास त्याला सव्वादोन वर्षे लागली, आणि तो आला तोही इतरांच्या दुखापतींच्या पायघड्यांवरून. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या सामन्यापूर्वी शमी, उमेश यादव, बुमराह, अश्विन आणि जडेजा हे सारे आजारपणाच्या यादीत गेले होते. ज्याच्या नावावर आजवर दहा कसोटी चेंडूंचीच नोंद होती, त्या ठाकूरने त्या सामन्यात सात बळी घेतले. भारताचे सहा गडी १८६ धावांत बाद झाले असताना त्याने वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागी केली. स्वतःच्या ६७ धावा. १९८८ पासून त्या मैदानावर अपराजित राहिलेल्या ऑस्ट्रेलियाला भारताने तेथे हरविले. त्याच वर्षी ओव्हलवर त्याने दोन्ही डावांत अर्धशतके काढली, आणि जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्ग येथे ६१ धावांत सात बळी घेतले. हैदराबादच्या दहा चेंडूंवरून ज्यांनी त्याची परीक्षा केली असेल, त्यांनी हे तीन सामने हातचे घालविले असते.

आता हिशेबाच्या वहीकडे वळावे. आयपीएलच्या बाजारात खेळाडूची किंमत जाहीरपणे बोलली जाते, त्यामुळे दुखापतीचा भाव काय, हेही तेथे उघड दिसते. २०२२ साली दिल्लीने ठाकूरला पावणेअकरा कोटी रुपयांना घेतले. डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईने चार कोटी दिले. जून २०२४ मध्ये लंडन येथे त्याच्या पायावर दुसरी शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दोन कोटींच्या मूळ किमतीसही त्याला कोणी विचारले नाही. बोली न लागण्यास आणखीही कारणे असतील. आदल्या हंगामात नऊ सामन्यांत पाचच बळी ही काही मिरविण्याची कामगिरी नव्हे. तरी पाच महिन्यांपूर्वीच्या शस्त्रक्रियेचा विचार एकाही संघाच्या मनात आला नसेल, हे संभवत नाही.

मग तो रणजी स्पर्धेत खेळला. त्या २०२४-२५ च्या हंगामात त्याने मुंबईसाठी नऊ सामन्यांत ३५ बळी घेतले आणि ५०५ धावा काढल्या. मेघालयाविरुद्ध तर मुंबईच्या गोलंदाजांनी प्रतिपक्षाची अवस्था दोन धावांत सहा बाद अशी करून टाकली. त्यात ठाकूरच्या लागोपाठच्या तीन बळींचा समावेश होता. मार्च २०२५ मध्ये लखनौचा मोहसीन खान जायबंदी झाला, तेव्हा त्या संघाने बदली म्हणून ठाकूरला दोन कोटींना बोलाविले. आठवडाभरातच त्याने हैदराबादविरुद्ध ३४ धावांत चार बळी घेऊन सामना फिरविला. हंगामाअखेर त्याच्या नावावर दहा सामन्यांत तेरा बळी होते.

याच लखनौने मयंक यादव या बावीस वर्षांच्या अतिवेगवान गोलंदाजास अकरा कोटी रुपये देऊन राखून ठेवले होते. आदल्या वर्षी तो चारच सामने खेळून दुखावला होता. २०२५ मध्ये तो दोनच खेळला आणि पाठीच्या दुखण्याने पुन्हा बाहेर गेला. यावरून लखनौच्या चालकांना हसणे सोपे आहे. पण वर मणक्यांविषयी जे सांगितले ते खरे असेल, तर कोवळ्या हाडावर लावलेली ही पैज मूर्खपणाची होती असे म्हणता येत नाही. चुकली असेल ती किंमत. दोन सामन्यांची शाश्वती असलेल्या गड्याला चौदा सामन्यांचा भाव दिला गेला. जायबंदी गड्यासंबंधी होणारी बहुतेक भांडणे मुळात या एका गोंधळातून निघतात. त्याला ठेवावे की सोडावे असे दोनच दरवाजे समोर धरले जातात. किती सामन्यांसाठी आणि काय भावाने ठेवावे, हा तिसरा दरवाजा कोणी ठोठावीत नाही.

मुंबईच्या संघाने हे तिन्ही दरवाजे वापरून पाहिले आहेत. २०२२ च्या लिलावात त्याने जोफ्रा आर्चर या इंग्लंडच्या गोलंदाजास आठ कोटींना घेतले, आणि तो त्या वर्षी खेळणार नाही हे ठाऊक असून घेतले. २०२३ मध्ये आर्चर पाच सामने खेळला, दोन बळी घेतले आणि मायदेशी परतला. त्या वर्षाअखेर मुंबईने त्याला सोडले. पुढे आर्चर बरा झाला. जुलै २०२५ मध्ये चार वर्षांनंतर कसोटीत उतरून त्याने लॉर्ड्सवर तिसऱ्याच चेंडूवर बळी घेतला. म्हणून मुंबईचा निर्णय चुकला होता काय? मुळीच नाही. दोन हंगाम रिकाम्या जागेचे भाडे भरल्यावर तिसऱ्याही हंगामाचे भरीत राहणे संघाला परवडणारे नव्हते. माणूस बरा होणे आणि संघाला तो वेळेवर मिळणे, या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून असतातच असे नाही.

बुमराहच्या बाबतीत त्याच संघाने निराळे वर्तन केले. पाठीवरील शस्त्रक्रियेमुळे तो २०२३ चा आख्खा हंगाम खेळला नाही, तरी त्याला हात लावण्याचा विचार झाला नाही. २०२५ साठी तर अठरा कोटी देऊन त्याला राखण्यात आले. असा गडी दुर्मीळ असतो, एवढेच कारण त्यास पुरे आहे. भारताच्या निवडकर्त्यांनी २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यापूर्वी बुमराह पाचांपैकी तीनच कसोट्या खेळेल, असे आधीच सांगून टाकले. या धोरणावर पुष्कळ टीका झाली. गंमत अशी की, भारताने त्या मालिकेत जिंकलेले दोन्ही सामने बुमराह नसतानाचे होते आणि मोहम्मद सिराज पाचही सामने खेळून २३ बळींचा धनी झाला. परंतु म्हणून बुमराहचे तीन सामने वाया गेले असे म्हणणे म्हणजे छत्री नेली त्या दिवशी पाऊस पडला नाही, म्हणून छत्री फेकून देण्यासारखे आहे.

कबड्डीकडे पाहिले, तर हाच प्रश्न पुष्कळ सौम्य होतो. चंदगड तालुक्याच्या सिद्धार्थ देसाईने २०१८ साली मुंबईच्या संघासाठी चढाईत २१८ गुण मिळविले, आणि पुढच्या वर्षी तेलुगू संघाने त्याच्यासाठी एक कोटी पंचेचाळीस लाख मोजले. मग खांदा दुखावला. आठव्या हंगामात तो तीन सामन्यांपलीकडे खेळू शकला नाही आणि त्याचा भाव कोसळला. तरी पुढे हरियाणाने त्याला एक कोटीला घेतले, आणि त्या हंगामात हरियाणाचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. कबड्डीत बाकावरचा गडी सामन्यात उतरविता येतो. त्यामुळे दुखऱ्या खांद्याचा चढाईपटू पदरी बाळगण्यातील धोका त्याच्या वेतनापुरताच राहतो.

लिलावातील हे आकडे ऐकून एक गोष्ट विसरली जाण्याचा संभव आहे. विजय मर्चंट यांना प्रकृतीच्या कारणाने १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याचे नेतृत्व सोडावे लागले. १९५१ साली दिल्ली येथे, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, इंग्लंडविरुद्ध १५४ धावा काढल्यावर त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना त्यांचा खांदा दुखावला आणि त्यांचा कसोटी खेळ संपला. ते गिरणीमालकांच्या घराण्यातले. खेळ सुटला म्हणून त्यांच्या चुलीवर परिणाम होणार नव्हता. आज रणजी खेळणाऱ्या मुलाची स्थिती तशी नाही. २०२१ साली क्रिकेट नियामक मंडळाने जे दर ठरविले, त्यांत वीसपेक्षा कमी सामने खेळलेल्याला दिवसाला ४० हजार रुपये, तर चाळीसहून अधिक सामने खेळलेल्याला ६० हजार. रक्कम लहान नाही. पण ती रोजंदारी आहे. अंतिम अकरांत नसलेल्या राखीव गड्यास त्याच्या निम्मे मिळतात, आणि जो संघातच नाही त्याला काहीच नाही. ज्या मुलाचे नाव लिलावाच्या यादीत नाही, त्याने जांघेतील कळ शिक्षकांना सांगावी की दात-ओठ खाऊन आणखी दहा षटके टाकावीत? कळ लपविण्यातच त्याचा तात्कालिक लाभ आहे. संघ जायबंदी गड्याला चटकन सोडतो असा लौकिक झाला, की उरलेले सारे आपापल्या दुखापती झाकू लागतात, आणि मग मैदानावर दहा गडी उरण्याचा तो प्रसंग अधिकच वेळा ओढवतो.

मार्च २०२४ मध्ये तमिळनाडूविरुद्ध रणजीच्या उपांत्य सामन्यात मुंबईचे सात गडी १०६ धावांत बाद झाले असताना ठाकूर खेळावयास आला आणि १०९ धावा काढून गेला. प्रथम श्रेणीतील ते त्याचे पहिले शतक. त्या दिवशी पत्रकारांशी बोलताना त्याने स्वतःच्या शतकापेक्षा दुसऱ्याच गोष्टीवर भर दिला. दोन सामन्यांत तीनच दिवसांचे अंतर ठेवून मुलांना असेच खेळविले, तर एकदोन हंगामांत देशभर दुखापतींची साथ येईल, अशा आशयाचे त्याचे बोलणे होते. पुढच्या हंगामात रणजी स्पर्धा दोन भागांत विभागण्यात आली.

नियमांतही थोडी हालचाल झाली आहे. जुलै २०२५ मध्ये मँचेस्टरच्या कसोटीत ऋषभ पंतच्या पायाचे हाड मोडले. दुसऱ्या दिवशी ठाकूर ४१ धावांवर बाद होऊन परतला, तेव्हा पंत लंगडत पायऱ्या उतरून मैदानात आला आणि त्याने अर्धशतक पुरे केले. प्रेक्षक उभे राहिले. पण मोडक्या पायाने खेळावे लागणे ही कौतुकाची गोष्ट की नियमाची उणीव, हा वाद त्यानंतर चांगलाच पेटला. २०२५-२६ च्या हंगामापासून देशांतर्गत अनेकदिवसीय सामन्यांत गंभीर दुखापतीसाठी पूर्ण बदली खेळाडू देण्याची मुभा मंडळाने दिली. मात्र ती दुखापत मैदानावर, बाहेरून बसलेल्या माराने झालेली असावी लागते: हाड मोडणे, सांधा निखळणे, खोल जखम होणे. धावता धावता जांघेतील स्नायू ताणला गेल्यास ही सवलत नाही. हैदराबादचे ते दहा चेंडू आज रणजी सामन्यात टाकले गेले असते, तरी ठाकूरच्या जागी दुसरा गोलंदाज उतरविता आला नसता.